पवित्र गुरुवारचा टॉवेल

“टॉवेल तेवढा द्या गौरम्मा, म्हणजे मी निघतो. अन् दुसरं एक सांगायचं होतं.”

जोतिरामसर उंबऱ्याबाहेरच उभे होते. ते चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी, निवृत्त हेडमास्तर. एप्रिलचं सोलापुरी ऊन डोक्यावर घेऊन आलेला माणूस पाणीसुद्धा नको म्हणाला, तेव्हाच गौरम्मानं ओळखलं, की टॉवेल हे निमित्त आहे.

“सांगा की.”

“सुवार्ता आज उपासनेला येणार असेल तर येऊ द्या. कुणाची ना नाही. पण मागं बसू दे. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला तिला देता येणार नाही. कमिटीचा ठराव आहे.”

“काय केलं माझ्या पोरीनं?”

“नवऱ्याचं घर सोडलं. बार्शीच्या चर्चच्या मंडळीनं कळवलंय. समेट करून परत गेली, की लगेच आपण...”

“तिच्या पायाची दोन बोटं मोडल्याली न्हाई कळवली व्हय बार्शीच्या मंडळीनं?”

सरांनी चष्मा काढून पुसला. “घरातल्या गोष्टी घरात, गौरम्मा. आम्हाला शिस्त बघावी लागते.”

“सर, यहुदाचं पाय धुतलं का न्हाई देवानं? ह्यो आता उठून मला धरून द्यायला जाणार, ठावं हुतं त्याला. तरी धुतलं. वर हातानं घास बी दिला.”

“ते प्रभू होते,” सर म्हणाले, “आपण कमिटी आहोत.”

गौरम्माला हसू आलं. सरांना आलं नाही. ते मनापासूनच बोलले होते.

“टॉवेल मी घिऊन येते. दर साली मीच आणते की.”

“तुम्ही रागावून आला नाहीत तर खोळंबा नको, म्हणून म्हटलं.”

“रागावले तर हमखास येते मी,” ती म्हणाली, आणि दार लोटून घेतलं.

टॉवेलचं असं होतं. गौरम्मा टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायला बसायची. लग्न होऊन आली त्या साली सासूनं तिला सांगितलं होतं, ‘पवित्र गुरुवारी चर्चचे पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात, त्याला टॉवेल आपल्या घरचा जातो. नवा, पांढरा, स्वतः शिवलेला.’ सासू अक्कलकोटकडची, बसम्मा तिचं नाव. घरात कानडी, जात्यावर मराठी. अक्षर एक येत नव्हतं, पण सगळं शुभवर्तमान तिनं ओवीत दळून ठेवलं होतं. तीच पाय धुण्याची ओवी गौरम्माच्या ओठावर मशीनच्या खडखडाटातही असायची:

बारा जणांच्या मेळ्यात, देव माझा गं वाकला
ज्याच्या पायाला चिखल, त्याचा आधी त्यानं धुतला

आता चर्चमधली गंमत बघा. ज्यांची नावं बारांत निघायची, ते सगळे कमिटीतले, नाहीतर कमिटीच्या भावकीतले. बाई त्यांत कधीच नाही. आणि ही माणसं त्या दिवशी घरून पाय धुऊन यायची. धुऊन म्हणजे कसे? वजरीनं टाचा घासून, नखं कापून, वर पावडर लावून. पाळकानं धुवायच्या आधीच पाय असे लख्ख, की पाण्याला धुवायला काही उरायचंच नाही. उपासना संपली की टॉवेल गौरम्माकडे परत यायचा. नुसता ओलसर, पावडरीचा वास मारणारा, आणि पांढराधोप. तिच्या ट्रंकेत तशा टॉवेलांची चळत साठली होती. त्यातल्याच एकानं तिनं बाप्तिस्म्याच्या दिवशी सुवार्ताचं डोकं टिपलं होतं. बाकीच्यांचा उपयोग काय करावा, तिला कधी सुचलं नाही. न मळलेला टॉवेल वापरायला काढायचा तरी कशाला!

सुवार्ता चिंचोळीहून पाळी संपवून आली. एमआयडीसीत दिवसभर उभ्यानं काम. डावा पाय जरा ओढत चालायची. बार्शीला नवऱ्यानं लोखंडी स्टूल आदळलं होतं त्या पायावर. चपलेतून आलेली धूळ घामात कालवून घोट्यापर्यंत चढली होती.

“अव्वा, सर आलते का गं? कोपऱ्यावर दिसले. माझ्याकडं बघून छत्रीच उघडली त्यांनी.”

“आलते.” गौरम्मानं सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही.

सुवार्ता दगडावर बसली आणि बादलीकडे हात न्यायला लागली.

“पाय धुऊ नगंस,” गौरम्मा म्हणाली.

“का?”

“नगंस म्हणलं ना. अशीच चल.”

“मी येतच न्हाई अव्वा. सगळी वळून वळून बघत्यात. घास घशात अडकतो माझा, हितं घरात सुद्धा.”

“बघू दे की. डोळं काय फुकट दिल्यात देवानं? तू नवऱ्याला मारून आलीस व्हय? मार खाऊन आलीस. मान तू का खाली घालायची?”

“मला भाकर देणार न्हाईत म्हणलीस ना?”

गौरम्मानं ट्रंक उघडली. आदल्या रविवारी शिवलेला टॉवेल काढला, घडी मोडून पुन्हा घातली. “काय देत्यात न् काय न्हाई, बघू. तू चल.”

जुन्या गिरणीमागचं ते चर्च संध्याकाळीही भट्टीसारखं तापलेलं होतं. शहाबादी फरशी, वर गरगरणारे पंखे. पुढं अर्धगोलात बारा खुर्च्या, त्यांवर बारा गृहस्थ, चोवीस गोरेगोमटे पाय. पहिली खुर्ची जोतिरामसरांची. सुवार्ता शेवटच्या बाकावर कडेला बसली. गौरम्मा नेहमीप्रमाणे पुढं, घंगाळाशेजारी उभी, हातावर टॉवेल, पायाशी पाण्यानं भरलेला मोठा तांब्या.

पाळकसाहेब तरुण होते, याच वर्षी बदलून आलेले. त्यांनी योहानाचा तो अध्याय वाचला. प्रभू जेवणावरून उठला, कमरेला कापड बांधलं, एकेका शिष्याच्या पायाशी बसला. पेत्र म्हणाला, माझे पाय तुम्ही कधी धुवायचे नाहीत. मग त्यांनी झगा आवरला, गुडघे टेकले, जोतिरामसरांचे दोन्ही पाय घंगाळात घेतले, ओंजळीनं पाणी घातलं, आणि न बघताच टॉवेलसाठी हात मागं केला.

हात रिकामाच राहिला.

गौरम्मानं तांब्या उचलला होता. खांद्यावर टॉवेल टाकून ती बाकांच्या मधल्या वाटेनं चालू लागली होती.

“गौरम्मा!” सर म्हणाले. त्यांचे पाय हवेत, थेंब गळताहेत. उठावं तरी पंचाईत. “अहो, टॉवेल! गौरम्मा!”

ती वळली नाही. बाकावरच्या बायका एकीमागून एक वळल्या. शेवटच्या बाकापाशी ती खाली बसली, गुडघे कटकन वाजले तेवढेच. तिनं लेकीची चप्पल काढली. सुवार्तानं पाय वर ओढून घेतले.

“अव्वा, नको गं. सगळ्यांच्या पुढं नको.”

“पेत्र बी असंच म्हणला हुता. आण हिकडं.”

घंगाळ पुढंच राहिलं होतं. तिनं तशीच धार धरली. आधी डाव्या पायावर. वाकडी जुळून आलेली ती दोन बोटं तिनं तळहातात घेतली, लहानपणी घ्यायची तशी, आणि अंगठ्यानं त्यांच्या बेचकीतली माती काढली. ओठ हलत होते. पहिल्यांदा पुटपुटणंच होतं ते. मग चर्चमध्ये इतकी शांतता पसरली, की ओवी आपोआप ऐकू यायला लागली. बसम्माची ओवी. दोन-तीन म्हाताऱ्यांना ती ठाऊक होती. त्यांतल्या हेमावतीबाईंनी दुसरी ओळ हळूच उचलली.

पाणी तपकिरी होऊन फरशीवर उतरलं. चर्चच्या त्या फरशीला उतार आहे, वेदीकडे. ती धुणाऱ्यापुसणाऱ्या बायकांना तो माहीत होता. बाकीच्यांना त्या दिवशी समजला. चिंचोळीच्या धुळीचं पाणी दोन बाकांच्या रांगांमधून वाट काढत सावकाश पुढं गेलं. बारा जणांनी ते येताना पाहिलं, आणि घरून धुऊन आणलेले पाय एकेक करून वर उचलून धरले.

गौरम्मानं टॉवेल मांडीवर पसरला, लेकीचे ओले, मातकट पाय त्यावर दाबले आणि पुसले. घोटे, टाचा, बोटं. सुवार्ता रडत होती, पण पाय तिनं आता काढून घेतले नव्हते.

पाळकसाहेब जागेवर गुडघे टेकूनच होते. त्यांनी सरांकडे पाहिलं, मागच्या बाकाकडे पाहिलं. मग आपल्या झग्याचा घोळ ओढून त्यांनी सरांचे पाय पुसले, आणि उरलेल्या अकरांचेही धुऊन त्यानंच पुसले.

भाकरीचं ताट फिरलं. जोतिरामसर ताटाबरोबर चालत होते. शेवटच्या बाकाच्या अलीकडे ताट थांबलं. पाळकसाहेबांनी गौरम्माला हातानं खूण केली, की तुम्ही पुढं या, तुमची जागा पुढं आहे.

“माझी जागा हितंच हाय, साहेब,” ती म्हणाली. “हिला असंल तर मला द्या.”

सरांनी नकाराची मान हलवली. ताट क्षणभर घुटमळलं आणि वळलं. सभासद झाल्यापासून पवित्र गुरुवारची भाकर तिनं कधी चुकवली नव्हती. तिनं लेकीचा हात मांडीवर घेतला आणि शेवटच्या गीताला सगळ्यांत मोठा आवाज लावला.

दुसऱ्या दिवशी शुभ शुक्रवार. दुपारच्या उपासनेला माणसं आली, तेव्हा आवारातल्या तारेवर टॉवेल वाळत होता. गौरम्मानं रात्री जाताना घातलेला, न धुता. पांढऱ्यावर दोन पायांचे तपकिरी डाग. डाव्याची दोन बोटं वाकडी. शेजारी पाळकसाहेबांचा झगा, घोळाला सुरकुत्या पडलेला.

“काढा तो आधी,” जोतिरामसर म्हणाले. “लोक येताहेत.”

“वाळू द्या की सर,” हेमावतीबाई म्हणाल्या. वाऱ्यानं टॉवेलची एक कड दुमडली होती. त्यांनी ती सरळ केली, डाग नीट दिसतील अशी, आणि आत गेल्या. त्या नेहमी दुसऱ्या रांगेत बसायच्या. आज रांगा ओलांडत पार मागं आल्या.

शेवटच्या बाकावर गौरम्मा आणि सुवार्ता होत्या.

“सरका गं जरा,” हेमावतीबाई म्हणाल्या.