सहा वर्षांपूर्वी काढलेलं अपेंडिक्स

सलूनवाल्याचं पोट उजवीकडे खाली दुखायला लागलं तेव्हा त्याची मोठी पंचाईत झाली. अपेंडिक्स म्हणावं, तर ते त्याने सहा वर्षांपूर्वीच काढलं होतं. म्हणजे काढलं नव्हतं, तसं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. खरं तर तिथे ताईची किडनी बसवली होती. पण आजारी माणसाच्या वस्तऱ्याखाली मान कोण देणार, या भीतीने त्याने त्या व्रणाला अपेंडिक्सचं नाव देऊन टाकलं. अख्ख्या रस्त्याची गुपितं ऐकणारा हा गडी स्वतःच्या बाबतीत मात्र ताकास तूर लागू देत नसे.

बायकोने दवाखान्यात नेलं, तर नेमका सर्जन निघाला त्याचंच नेहमीचं गिऱ्हाईक. ताप, उलट्या, दाबलं की कळ. "अपेंडिक्सच म्हटलं असतं," तो व्रण बघत म्हणाला, "पण ते तर तू काढलंयस. आतडं चिकटलं असेल. उशीर नको, जुन्या व्रणावरूनच उघडू."

त्या व्रणाखाली तर ताईची किडनी! आणि तरी हा शहाणा विचारतो काय, तर "डॉक्टर, डावीकडून नाही का उघडता येणार?"

तेवढ्यात बायकोने फोन करून बोलावलेली ताई येऊन थडकली. वयाने मोठी, आवाजाने त्याहून मोठी.

"अहो डॉक्टर, तिथे सुरी लावाल तर खबरदार! माझी किडनी आहे ती. ती टिकावी म्हणून हा रोज प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या गिळतो. सांगितलं का ह्याने?"

सर्जनने कपाळाला हात लावला. मग स्कॅन झाला, तपासण्या झाल्या. अपेंडिक्स जागच्या जागी, ठणठणीत. गोळ्यांमुळे पहारा ढिला पडलेला बघून एक विषाणू आतड्यात घुसला होता आणि अपेंडिक्सचं सोंग घेऊन बसला होता.

"थापा मारण्यात तुला तोडीस तोड भेटला," सर्जन म्हणाला. ऑपरेशन रद्द झालं, सलाइनमधून औषध सुरू झालं.

चौथ्या दिवशी ताप उतरला. ताई खाटेशी गप्प बसून होती. ताई गप्प, म्हटल्यावर तो घाबरलाच.

"बोल ना काहीतरी."

"काय बोलू? मी पोट फाडून तुला दिलं. आणि तू लोकांना सांगितलंस, टाकाऊ होतं ते काढून टाकलं."

त्याला रडू फुटलं. सहा वर्षांत या बाजूने त्याने कधी विचारच केला नव्हता.

शेजारच्या खाटेवरचे आजोबा कुशीवर वळले. "व्रण बराच मोठा दिसतो. काय काढलं?"

"काढलं नाही, आजोबा," तो डोळे पुसत म्हणाला. "बसवलंय. हिचं आहे. ही माझी ताई."