गिळलेली मात्रा

चापटीचा नियम कुणी काढला, हे आता कुणालाच धड आठवत नव्हतं. सुरुवातीला तो खेळच होता. तालमीत मोजणी चुकली की चुकणाऱ्याने गाल पुढे करायचा, बाकीच्यांनी जागच्या जागी एकेक ठेवून द्यायची आणि पुन्हा वाजवायला लागायचं. तेव्हा बँडची गाणी चार मात्रांची आणि चार मिनिटांची होती. त्यात चुकणार तरी किती? मग दादाला, म्हणजे गिटार वाजवणाऱ्या थोरल्या भावाला, प्रोग्रेसिव्ह रॉकचं वेड लागलं. सात मात्रांची चक्रं आली, मग अकरा, मग तेरा. एकेक गाणं वीस मिनिटांवर गेलं. चापटीची थप्पड झाली आणि थपडीचा ठोसा. ड्रमवर धाकटा बसायचा, त्यामुळे कुणाचंही बिघडलं तरी खापर त्याच्याच डोक्यावर फुटायचं.

त्याच्या भुवईवर सिंबलच्या, म्हणजे ड्रमच्या पितळी थाळीच्या, धारेची खूण होती. ती थाळी दादाने फेकली होती. टाके घालणाऱ्या डॉक्टरला धाकट्याने दारावर आपटलो म्हणून सांगितलं होतं.

तरी त्याचा पाय बँडमधून निघत नव्हता. चौघं चार वाटांनी जाऊन तेरा मात्रांनंतर एका ठोक्यावर उतरायचे, तेव्हा त्याला जे वाटायचं ते दुसऱ्या कुठल्याच गाण्यात वाटत नव्हतं. त्याला हे संगीत हवं होतं आणि मार नको होता. म्हणून त्याने मनाशी ठरवलं होतं, आजचा कार्यक्रम एकही चूक न होता पार पडला की दादाला तोंडावर सांगायचं, नियम बंद. हे फक्त वहिनीला माहीत होतं. दादाची बायको, आणि बँडची कीबोर्डवालीही तीच.

"सांग, पण दोन हात लांब उभा राहून सांग," ती म्हणाली होती.

कॉलेजच्या हॉलमध्ये दुपारी कार्यक्रम होता. वायरी जोडता जोडता साउंडवाल्याने विचारलं, "प्रोग्रेसिव्ह म्हणजे नेमकं काय हो? लांबलचक?"

"चारात मोजता येत नाही ते," दादा म्हणाला.

"मोजण्यावर काय आहे?" वहिनी म्हणाली. "निघालो तिथेच परत यायचं नाही, एवढंच. जुनी चाल परत आलीच, तर वाटेत तिचं काहीतरी झालेलं दिसलं पाहिजे."

"ऐकायला छान. वाजवायला तेराच लागतात."

"मला फक्त प्लग लागतो," बेसवाला मुका म्हणाला. दिवसभरातलं हे त्याचं पहिलं वाक्य. नाव त्याला उगाच पडलं नव्हतं.

पहिली पंधरा मिनिटं गाणं सरळ गेलं. मग गिटार थांबण्याची जागा आली. तिथे दादा एक अख्खं चक्र गप्प राहायचा, ड्रम एकटे वाजायचे आणि चौदाव्या ठोक्याला सगळे मिळून पुन्हा सुरू व्हायचे. धाकटा बाराव्या मात्रेवर असताना दादाने पाय उचलला आणि हात वर नेला. एक मात्रा आधी. तो हात खाली येणार आणि हॉलभर सगळ्यांसमोर दादा उघडा पडणार, हे धाकट्याला पापणी लवायच्या आत दिसलं. त्याने तेरावी मात्रा गिळली आणि दादाच्या हाताबरोबर ठोका दिला. वहिनी आणि मुका त्याच्याकडेच बघत होते, ते बरोबर त्याच्यामागून आले. कुणाला कळलंही नाही. टाळ्या तर इतक्या पडल्या की मुकासुद्धा हसला.

मागच्या खोलीचं दार लागलं आणि दादाचा पहिला ठोसा धाकट्याच्या कानशिलावर बसला.

"मात्रा खाल्लीस! आज! सगळ्या जगासमोर!"

"दादा, ऐक तरी..."

"गाल कर पुढे."

दुसरा ठोसा ओठांवर आला. ओठ दातांवर फाटला. तिसऱ्याला तो खुर्चीसकट मागे गेला, डोकं आरशावर आपटलं आणि काच तडकली. दादाने त्याला कॉलर धरून उठवलं, ते पुन्हा पाडायलाच.

"अरे, तू लवकर आलास!" वहिनी मध्ये घुसली. "त्याने तुला सांभाळून घेतलं!"

"माझी मोजणी चुकत नाही."

मुक्याने साउंडवाल्याकडून आणलेलं रेकॉर्डिंग लावलं. कार्यक्रम झाला की तिथल्या तिथे ते ऐकायचं, ही बँडची पद्धत होती. ती जागा आली. दादा बोटांवर मोजत होता. बारा मोजून झाले आणि तेराव्यालाच गिटार वाजली. त्याने मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेराव्यालाच.

मग दादाने चष्मा काढून टेबलावर ठेवला, हात मागे बांधले आणि गाल पुढे केला.

"मार. नियम म्हणजे नियम."

नियम बंद म्हणायची हीच वेळ होती. शब्द धाकट्याच्या जिभेवर होते, रक्ताची चव होती तिथेच. पण हात आधी गेला. ती चापट नव्हती. दादाचं डोकं बाजूला फिरलं आणि सावकाश परत जागेवर आलं. धाकट्याने दुसरा ठोसा मारला. नाकातून रक्त आलं. तिसरा भुवईवर, मुद्दाम भुवईवर. दादा गुडघ्यांवर आला, तरी त्याचे हात मागेच होते, आणि त्या बांधलेल्या हातांनी धाकट्याचं डोकं जास्तच फिरलं. तो मारत सुटला. जबड्यावर बसलेल्या एका ठोशात त्याच्या स्वतःच्या हातात काहीतरी कट्कन मोडलं. त्याच हाताने त्याने आणखी एक मारला. शेवटी मुक्याने त्याला मागून कव घालून उचललं, तेव्हाही त्याचे पाय हवेत झाडत होते.

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. तिने दोघांपैकी कुणालाच हात लावला नाही.

दादाने जमिनीवर रक्ताची गुळणी टाकली. त्यात दात होता. मग त्याने मान वर करून धाकट्याकडे पाहिलं. सुजलेल्या तोंडाने तो हसत होता, आणि त्या हसण्यात राग नावालाही नव्हता.

"आता कसा," तो म्हणाला. "आता माझा भाऊ शोभतोस."

मुक्याचे हात सोडवून धाकटा बाहेर पळाला आणि पायरीवरच ओकला. मघाशी हॉलमध्ये टाळ्या वाजवणारी पोरं हसत-खिदळत समोरून जात होती. एकीने त्याला ओळखलं. "भारी वाजवलंत हो!" ती लांबूनच ओरडली.

थोड्या वेळाने वहिनी त्याच्या शेजारी येऊन बसली. मधे एका माणसाची जागा सोडून.

"बघू हात."

त्याने हात पुढे केला. तो मनगटापर्यंत काळानिळा पडला होता. तिने एक बोट सरळ करायला घेतलं, तसा तो कळवळला. त्याने स्वतः प्रयत्न केला, दात आवळून केला.

"वहिनी, मूठ उघडत नाही," तो म्हणाला.