सात लिव्हरचं कुलूप

मी शाळेच्या लोखंडी कपाटावरचं कुलूप बोलतोय. जास्त बोलायची मला सवय नाही. तोंड बंद ठेवणं हाच माझा धंदा होता. पण एक गोष्ट दडवली, तिची बोच आहे. ती सांगून मोकळा होतो.

माझं अंग पितळेचं. आत सात लिव्हर. इस्तारी गुरुजींनी मला राजुऱ्याच्या बाजारात घेतलं. दुकानदाराने तीन कुलपं पुढे ठेवली होती. गुरुजींनी तिन्ही बंद करून जोर लावून ओढली. दोन उघडली, मी उघडलो नाही. त्यांनी मलाच उचललं. त्या ओढीचा मला आजही अभिमान आहे.

किल्ल्या दोन होत्या. गुरुजी तळ्यावर मासे धरणाऱ्यांच्या घरातले. एका सुट्टीत जाळं टाकताना एक किल्ली तळ्यात गेली. तेव्हापासून दुसरी त्यांनी करदोड्याला गाठ मारून बांधली. आंघोळ करतानाही ती कमरेलाच असायची. कोणी भेटलं की म्हणत, "किल्ली एक, आन् ते माह्या कमरेले. माह्याशिवाय हे कपाट कोणाच्या बापाले उघडणार नाई."

त्यांची बदली झाली तशी माझीही झाली. आता आम्ही गडचिरोलीहून एसटीने दीड तास आत, जंगलातल्या शाळेत आहोत. दोन खोल्या, दोन शिक्षक. मुख्याध्यापकाचं काम गुरुजींकडे.

कुलपाचा स्वभाव संशयी असतो. कोणी हात लावला की मला वाटतं, हा चोर. माणसंही काही कमी नाहीत. कुलूप लावून दोन पावलं जातात आणि वळून बघतात. स्वतःच्या हातावरही त्यांचा भरवसा नसतो.

तीन वर्षांपूर्वी वडशाहून हर्षा मॅडम आल्या. तरुण, शिकलेल्या. कोणापुढे मान न वाकवणाऱ्या. पहिलीतली मुलं घरी गोंडी बोलतात, मराठी ऐकून गप्प बसतात, हे त्यांनी आठ दिवसांत ओळखलं. त्यांनी बांबूच्या कांबी घोटून पट्ट्या केल्या. एका बाजूला गोंडी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी. एका पट्टीवर 'एर', उलटली की 'पाणी'. दोन वर्षांत अशा तीनशे पट्ट्या झाल्या. गोंडी शब्द गावातल्या लालसूभाऊंना विचारून तपासून घेतले.

गुरुजींना ते पटलं नाही.

"मॅडम, पोरं शाळेत मराठी शिकाले येतात. गोंडी त त्यायले येतेच."

"येते म्हणूनच, गुरुजी. येते तिथून सुरू केलं की पुढचं लवकर येते."

"तेहतीस वर्षं झाले मले शिकवून. बिनपट्टीचे शिकले पोरं."

"शिकले ते दिसले तुम्हाले. जे शाळा सोडून गेले, ते दिसले नाई."

गुरुजींनी ठरवलं, शाळा सुटली की सगळं साहित्य कुलपात. त्या दिवसापासून पट्ट्या चार वाजता कपाटात जाऊ लागल्या. रोज सकाळी मॅडमना किल्ली मागावी लागे. गुरुजी मुद्दाम हजेरी पूर्ण करत आणि मगच कमरेला हात घालत. मी दोघांनाही नजरेत ठेवत होतो. मला एकाचीही खात्री नव्हती.

जानेवारीत तालुक्याला शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन होतं. मॅडमचं नाव गेलं होतं. बारा दिवस आधी गुरुजींनी कपाट उघडलं, तर पट्ट्यांचा खण रिकामा.

मी जागेवर होतो. कडी शाबूत होती. किल्ली करदोड्याला होती.

मॅडमनी कपाटाकडे पाहिलं, मग गुरुजींच्या कमरेकडे. त्यांचा संशय कळायला तेवढी नजर पुरे होती. गुरुजींनाही संशय आला. त्यांना वाटलं, हिने चार वाजता परत ठेवल्याच नाहीत, घरी नेल्या. आपण मे महिन्यात निवृत्त होणार, त्याआधी डाग लावून मोकळी होणार.

मग शाळेत दोन शाळा झाल्या. दोन घागरी, दोन खुर्च्या, दोन दारं. मुलं निरोप घेऊन या खोलीतून त्या खोलीत जात. "मॅडमले सांग, घंटी झाली." "गुरुजींना सांग, ऐकू आलं."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मॅडम कागद घेऊन आल्या.

"गुरुजी, सोमवारी हा अर्ज पंचायत समितीत देणार आहे. पाठीमागे देणं मले जमत नाई. आधी तुमच्यासमोर वाचते."

"वाचा."

त्या उभ्या राहून वाचू लागल्या. साहित्य गहाळ. कुलूप तोडलेलं नाही. किल्ली एकच, ती प्रभारी मुख्याध्यापकांच्या अंगावर असते. चौकशी व्हावी.

गुरुजींचा चेहरा राखेसारखा झाला. तेहतीस वर्षांत त्यांना साधी नोटीसही आली नव्हती. मॅडमनी विचारलं, "यातलं काही खोटं आहे का?"

त्यांना एवढंच म्हणता आलं असतं, की कुलूप म्हातारं झालं असेल. पण गुरुजी ताठ बसले. म्हणाले, "किल्ली माह्याजवळच असते. माह्याशिवाय उघडत नाई. लिहा तसंच."

आता माझी गोष्ट. वर्षभरापासून माझी स्प्रिंग गेली आहे. खाली धरून झटका दिला की मी उघडतो. हे एकट्या धुरपताबाईला ठाऊक होतं. ती शाळेची खिचडी रांधते. तिचं मीठ, हळद याच कपाटात. एकदा गुरुजी मीटिंगला गेले होते, तेव्हा तिने मला ओढलं. मी उघडलो. ती हसली, "बुढा झाला रे तू," म्हणाली आणि काम झाल्यावर परत दाबून ठेवलं. पुढे रोजचंच झालं.

पट्ट्या तिनेच नेल्या, शाळा सुटल्यावर. मी पाहिलं होतं. पोत्यात गुंडाळून ती चुलीकडे गेली. मला वाटलं, वाळका बांबू आहे, चुलीत घातला असणार. दुसऱ्याच दिवशी पहाटे ती लेकीच्या बाळंतपणाला वडशाला गेली. मला वाटलं, पळाली. तिच्या जागी तिची जाऊ रांधू लागली. धुरपताबाईला विचारावं असं दोघांच्याही मनात आलं नाही. चुलीजवळच्या बाईला कपाटाचं कोण विचारतो?

मला सगळं ठाऊक होतं. पण ते कळलं तर माझे सात लिव्हर फुकट, हेही कळणार होतं. माझ्या इज्जतीसाठी मी गुरुजींची इज्जत जाऊ देत होतो.

मॅडमनी अर्जावर सही केली. तेवढ्यात दारात एसटीची धूळ घेऊन धुरपताबाई उभी.

"नातीन झाली, गुरुजी! गुळाचे लाडू आणले. हे काय, दोघंही मयतीले बसल्यासारखे काऊन?"

ती लाडवांचा डबा ठेवायला कपाटाकडे आली. नेहमीसारखं मला धरलं आणि झटका दिला.

मी उघडलो. दोघांच्या डोळ्यांसमोर.

मग मॅडमनी हळू विचारलं, "बाई, माझ्या पट्ट्या?"

"माळ्यावर हायत ना, चुलीच्या वरत. घुण लागला होता, मॅडम. खाली पिवळा भुसा पडत होता. आमी बियाणं, सुपं धुरावरच ठेवतो, कीड लागत नाई. जावेले सांगाचं राहून गेलं. तिले बियाणंच वाटलं असन."

गठडं खाली आलं. पट्ट्या काळवंडल्या होत्या, धुराचा वास मारत होत्या. पण तीनशेच्या तीनशे होत्या. मॅडमनी एक पदराने पुसली. 'एर' दिसलं.

गुरुजींनी करदोड्याची गाठ सोडायला घेतली. इतक्या वर्षांची गाठ, सुटेना. शेवटी विळ्याने कापली. किल्ली टेबलावर ठेवून म्हणाले, "अर्ज चांगला लिहिला, मॅडम. अक्षर सुंदर. गोष्ट तेवढी खोटी."

"मी आधी कुलूप ओढून पाहायला पाहिजे होतं, गुरुजी."

"म्या तरी कुठी पाह्यलं?"

माफी म्हणून गुरुजी एवढंच बोलले. सोमवारी प्रदर्शनाला जाताना एसटीत गठडं त्यांच्या मांडीवर होतं.

आता कपाटाच्या कडीत बांबूची खुंटी असते. कोणीही काढावी, कोणीही लावावी. मी खिडकीजवळ पट्ट्यांवर वजन म्हणून बसतो. पोरं मला बाजूला सारतात आणि पट्टी घेतात. मला अजून प्रत्येक हाताचा संशय येतो. या वयात स्वभाव जात नाही.

पण तुम्ही माझ्यासारखे होऊ नका. किल्ली कोणाच्या कमरेला आहे, एवढं पाहून कोणाला चोर ठरवू नका. आधी कुलूप ओढून पाहा.