एकच होकार

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. समोर रिकामी खुर्ची, तिच्यावर रोखलेला कॅमेरा आणि बाजूला भलामोठा पडदा. खुर्चीत कोणी नसायचं, पण पडद्यावर मात्र त्याच खुर्चीत बघता बघता माणूस उमटायचा. गेलेला माणूस! कोणाचा नवरा, कोणाची आई. मग हुंदक्यांनी सभागृह भरून जायचं आणि पडदेबाबा मधाळ आवाजात सांगायचे, "डोळ्यांना दिसत नाही ते यंत्राला दिसतं. यंत्राला कुठे अहंकार असतो?" वा रे वा! यंत्राला अहंकार नाही, पण त्याची वायर कुठे जाते हे विचारायची मात्र बंदी.

शेवटच्या रांगेत भिंग बसला होता. खरं नाव घरच्यांखेरीज कोणी घेत नसे. पोलिसांच्या प्रयोगशाळेत तो फोटो आणि व्हिडिओ तपासायचा. खरं कुठलं, जोडकाम कुठलं, ते कोर्टात शपथेवर सांगायचा. आज मात्र तो ताईपायी आला होता. ताईचा मुलगा, याचा जीव की प्राण असलेला भाचा, दम्याच्या झटक्यात गेला होता. धाकट्या भाचीलाही तोच दमा.

मागच्या भेटीत ताईने पडद्यावरच्या लेकाला विचारलं होतं, की तुला दवाखान्यात न्यायला उशीर झाला, मला माफ केलंस ना? लेकाने हसून मान डोलावली होती. कित्येक महिन्यांनी ताईला शांत झोप लागली. भिंगाला बनवाबनवीचा वास आला होता, पण बहिणीची ती झोप मोडायचा त्याला धीर होईना.

आज बाबांनी पुढचा प्रश्न तिच्या तोंडी घातला. घरातल्या औषधांमुळे म्हणे मुलाच्या आत्म्याची पुढची वाट अडली होती. ताईने विचारलं, "बाळा, धाकटीचा दम्याचा पंप बंद करू?"

मुलाने हसून मान डोलावली.

घरी येताच ताईने श्वासाचा पंप कपाटात टाकून कुलूप लावलं. भिंगाने समजावलं, हात जोडले, शेवटी तो भांडला. लेकाचं ऐकू की तुझं, एवढंच ती म्हणाली.

आता चोराची अतिहुशारी बघा. भेटीचा व्हिडिओ बाबांची माणसं भक्तांच्या मोबाइलवर पाठवत, म्हणजे तो चार जणांना दाखवून भक्तच आणखी गर्दी आणणार. ताईकडे दोन्ही भेटींचे व्हिडिओ होते. भिंगाने ते लॅपटॉपवर घेतले आणि ताईला शेजारी बसवलं. आतल्या खोलीत धाकटी खेळत होती. तिच्या छातीतली बारीक शिट्टी बाहेरपर्यंत ऐकू येत होती.

त्याने ताईला दोनदा मान डोलवायला लावली, मोबाइलवर टिपून दाखवलं. दोन्ही वेळा मान वेगळी हलली होती. जिवंत माणसाचं तसंच असतं. मग त्याने दोन्ही भेटी एकमेकींवर ठेवल्या आणि एकीतून दुसरी वजा केली. फरक असेल तिथे उजेड दिसेल, नसेल तिथे काळोख, असं त्याने आधीच सांगून ठेवलं.

खुर्चीमागचं कापड वाऱ्याने हलत होतं, तिथे उजेड झिरमिरला. मधेच एका सेवकाची सावली उजळून गेली. मुलाच्या जागी मात्र काळं. पापणी नाही, हसू नाही. मुलाच्या आकाराचं काळं भोक तेवढं खुर्चीत बसलं होतं. भिंगाने ही तपासणी शेकडो वेळा केली असेल, पण त्या दिवशी त्याला बघवेना.

"एकच होकार आहे, ताई. दोन्ही प्रश्नांना तोच चिकटवलाय."

ताईने त्या काळ्या भोकावर हात ठेवला. मग म्हणाली, "दुसरा खोटा असू दे. पहिला राहू दे ना मला."

नाव नोंदवताना 'आत्म्याची ओळख पटायला' म्हणून मागितलेले लेकाचे व्हिडिओ तिनेच विश्वासाने दिले होते. त्यातला एक भिंगाने लावला. लेक जेवणाच्या टेबलाशी बसला होता. बाबांनी त्या चित्रातून टेबल पुसून टाकलं होतं, मुलगा उचलून रिकाम्या खुर्चीत बसवला होता आणि आवाज काढून टाकला होता. भिंगाने आवाज सुरू केला. स्वयंपाकघरातून ताईच विचारत होती, "अजून वाढू का रे?"

मुलाने हसून मान डोलावली.

"म्हणजे माफीचं तो काही बोललाच नाही," ताई म्हणाली.

भिंगाचा बांध फुटला. "नाही गं. गेलेलं माणूस बोलत नाही. मला त्याला बोलतं करता आलं असतं, तर मी नसतं का केलं?"

दोघं बहीणभाऊ पोटभर रडले. मग ताई उठली, कपाट उघडलं, धाकटीला मांडीवर घेतलं आणि पंप तिच्या ओठांना लावला. शिट्टी हळूहळू विरत गेली.

पुढे पडदेबाबांवर खटला झाला. भिंगाने कोर्टात तेच काळं भोक दाखवलं. बाहेर काही भक्तांनी त्यालाच शिव्या घातल्या. त्याला त्यांचा राग आला नाही, कारण त्यांच्याही घरातलं कोणीतरी गेलेलं होतं.

लोकहो, दुःख खरं असतं, म्हणूनच त्यावर खोटं विकलं जातं. तुमच्या माणसाच्या तोंडून कोणी भलताच बोलू लागला, तर तपासू द्या म्हणा. तपासू देत नाही, तिथून उठा. आणि मेलेल्याच्या नावाने जिवंताचं औषध कधीही थांबवू नका.

ताई अजूनही कधीकधी तो जेवणाचा व्हिडिओ लावते. आवाज मोठा करून. अजून वाढू का रे, ती विचारते, आणि लेक हो म्हणतो. तेवढं मात्र त्याने खरंच म्हटलं होतं, आणि तिलाच म्हटलं होतं.