रुग्णवाहिकेतले मागचे बाक

“ती गाडी मी घेतली खरी, पण लोकांनी ती माझ्याकडे टिकू दिली नाही,” बर्फवाला म्हणाला. करवत बाजूला ठेवून त्याने हात पुसले. “अँब्युलन्समधून लादी उतरवली की गिऱ्हाईक विचारायचं, हा बर्फ आधी कुणाखाली होता? आता यावर काय बोलणार, कपाळ?”

मशीनताईला हसू आले. घरोघर फिरून शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या या बाईला सगळे मशीनताईच म्हणत. खऱ्या नावाने हाक मारणारे एकटे तिचे वडीलच उरले होते, आणि तेही हल्ली ‘अगं’वर भागवत. वडील म्हणजे ड्रायव्हरकाका. सरकारी दवाखान्याची रुग्णवाहिका त्यांनी उमेदीची सगळी वर्षे चालवली. ते निवृत्त झाले आणि पाठोपाठ गाडीही निकालात निघाली. त्यानंतर त्यांनी तिचा विषय म्हणून कधी काढला नव्हता.

पण परवा डॉक्टरांनी सांगितले की बाबांचे हृदय थकलेय, आता जपायचे, दुसरे काही करण्यासारखे नाही. घरी परतताना जिन्यात दम खायला थांबलेले बाबा कठड्याला धरून म्हणाले, “आपली गाडी शेवटी कुठं गेली असेल गं? एकदा बघायची होती.”

ताटात पडेल ते खाणारा, आणून दिलेला सदरा मुकाट्याने घालणारा हा माणूस. जन्मात पहिल्यांदा काही मागत होता. ताईने ते मनावर घेतले. बाबांना काही न विचारता ती दवाखान्यात गेली, आणि तिथल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने तिला बर्फवाल्याकडे धाडले होते.

“किल्ली द्यायला तुमचे वडीलच आले होते,” बर्फवाला सांगू लागला. “लेकीला सासरी धाडावं तसं सगळं समजावलं. थंडीत चोक किती ओढायचा, चढाला गिअर कुठं बदलायचा. मी म्हटलं, मागचंही दाखवा की. तर पायरीवर पाय ठेवला आणि परत काढून घेतला. म्हणाले, मागचं मला काही माहीत नाही.”

“असं म्हणाले?”

“असंच. मला तेव्हाही नवल वाटलं. इतकी वर्षं चालवली, आणि म्हणे मागचं माहीत नाही.”

बर्फवाल्याने गाडी एका बँडमास्तरला विकली होती. मास्तर आता हयात नव्हता. त्याची बायको मात्र ताईला पाहताच म्हणाली, “बरी आलीस, माझ्या मशीनचा दोरा सारखा तुटतोय.” तेव्हा ताईने आधी मशीन उघडले आणि तेल सोडता सोडता गाडीचे विचारले.

“लग्नाला उशीर झाला की हे सायरन वाजवायचे,” ती म्हणाली. “लोक बिचारे घाबरून वाट द्यायचे. मग आतून ढोल नि कर्णे उतरताना दिसले की शिव्यांची लाखोली.” ती हसत होती, हसता हसता दाराकडे बघू लागली. “हे गेल्यावर गाडी दारातच उभी. रोज वाटायचं, आता मागचं दार उघडेल आणि कर्णा पुसत उतरतील. किती दिवस तसं बघत बसायचं? इंजिन एकानं पाण्याच्या पंपासाठी नेलं. सांगाडा गावाबाहेरच्या रोपवालीनं नेला. जा, असेल अजून तिथं.”

संध्याकाळी ताईने बाबांना सगळे सांगितले. सायरनचे ऐकून ते गालात हसले. मग तिने विचारले, “बाबा, मागचं माहीत नाही असं का म्हणालात?”

त्यांनी आपले तळहात उलटेसुलटे करून पाहिले.

“तुझी आई त्याच गाडीत गेली,” ते म्हणाले.

ताई तेव्हा पाच वर्षांची होती. आई दवाखान्यात गेली, एवढेच तिला ठाऊक होते, आणि ‘दवाखान्यात गेली’ याचा अर्थ तिने इतकी वर्षे दवाखान्यातल्या खाटेवर गेली असाच धरला होता.

“दुसरा ड्रायव्हर रजेवर. मग कुणी चालवायची? मीच बसलो. ती मागं, सोबत नर्स. मधे काच, काचेला पडदा. मी हाक मारली तर नर्स म्हणाली, तुम्ही गाडीकडे लक्ष द्या. मी दिलं. इतकी चांगली गाडी मी कधीच चालवली नसेल, एक खड्डा लागू दिला नाही. दवाखान्याच्या दारात उभी केली, धावत मागं आलो. नर्स सावकाश उतरत होती. तिला घाई नव्हती, तेव्हाच कळलं मला.”

“आणि नंतरही तीच गाडी चालवत राहिलात?”

“दुसरी होती कुठं? पण मागं नाही चढलो परत. धुवायचा तो सफाईवाला धुवायचा.” ते पुढे म्हणाले, “प्रत्येक पेशंटपाशी तिथं बाकावर त्याचं कुणीतरी बसलेलं असायचं. तिच्यापाशी मीच नव्हतो.”

ताई उठली आणि त्यांच्या पायांवर चादर ओढून तिथेच बसून राहिली.

दोन दिवसांनी रिक्षा करून ती त्यांना रोपवाटिकेत घेऊन गेली. कुंपणाला लागून गाडी उभी होती, विटांवर चढवलेली, चाके नसलेली. पांढऱ्या रंगाचे पोपडे सुटले होते. आत रोपांचे ट्रे रचले होते. रोपवाली हातातली झारी ठेवून पुढे आली आणि काय ते समजल्यावर म्हणाली, “काका, सावकाश बघा. सावलीला बरी म्हणून ठेवलीय, बाकी काही उपयोग नाही हिचा.”

बाबांनी बॉनेटवर हात ठेवला. दिव्याच्या रिकाम्या खोबणीत बोट फिरवले. ताईला वाटले, आता चालकाच्या जागेवर बसतील. तिने ते दार ओढून उघडलेही. पण ते गाडीला हात लावत लावत मागे गेले.

“हे ट्रे जरा काढता येतील का हो, बाई?” त्यांनी विचारले.

रोपवालीने आणि ताईने मिळून ट्रे बाहेर काढले. खाली पत्र्याचे अरुंद बाक निघाले, मातीने माखलेले. रोपवाली पुसायला फडके आणायला निघाली, तर ते “असू द्या” म्हणाले. पायरीवर एक पाय ठेवून त्यांनी श्वास घेतला आणि ताईच्या खांद्याचा आधार घेऊन आत चढले. बाकावर बसले. समोर स्ट्रेचरची जागा रिकामी होती, तिथे पत्रा गंजून लाल झाला होता.

“अगं,” ते म्हणाले, “तू पुढं बस.”

“बाबा, इंजिन नाही हिला.”

“माहितेय मला. तू बस.”

ताई पुढे जाऊन बसली. सीटचा स्पंज उडाला होता, स्प्रिंगा टोचत होत्या. मधली काच कधीच फुटून गेली होती. मान वळवली असती तर सगळे दिसले असते. मागून बाबांचा आवाज येऊ लागला, हळू, घरात कुणी झोपलेले असताना बोलावा तसा. शब्द कळत नव्हते. तिने कान दिला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती समोरच्या कुंपणाकडे बघत राहिली.

रिक्षावाला फाटकातून डोकावला, आणखी किती वेळ, असे त्याने हातानेच विचारले. रोपवालीने त्याला झाडाखाली बसायची खूण केली.