म्हसोबाची चकती

उत्कर्षाला दगडांचा नाद लागला तो घरून काम करायच्या दिवसांत. बाकीच्यांनी तेव्हा पाव भाजले, कुंड्यांत मेथी पेरली. हिनं बुधवार पेठेतून एक मोटर आणली, तिला हिऱ्याच्या धारेचं पातं आणि घासायची चाकं बसवून घेतली, आणि गच्चीच्या कोपऱ्यात पाण्याची बारीक धार सोडून अकीक, जास्पर असले रंगीत दगड कापायला बसली. आधी दगडाची पातळ चकती काढायची, तिच्यावर लंबगोल आखायचा, तुकडा लाखेनं काडीच्या टोकाला चिकटवायचा आणि चाकावर फिरवत फिरवत त्याची पाठ घुमटासारखी गोल आणायची. पैलू नाहीत, कोपरे नाहीत. शेवटी चामड्यावर पॉलिश, की झाला कॅबोशॉन. हा शब्द तिनं घरात सगळ्यांना शिकवून पाहिला. सासूबाईंनी तो ऐकून घेतला आणि खड्याला बटण म्हणायला सुरुवात केली.

"झालं का गं बटण?" असं तुळजाबाई रोज विचारायच्या, आणि झालं असेल तर हातात घेऊन, डोळ्यांजवळ नेऊन मनापासून बघायच्याही. माहेरी कोथरूडला आईनं "ह्याचा उपयोग काय?" एवढंच विचारलं होतं. त्यापेक्षा सासू बरी, असं उत्कर्षा मैत्रिणींना सांगायची, आणि ते खरंच होतं. हेच तर पुढे जड गेलं.

गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात म्हसोबा होता. हिंजवडीत आज जिथं ही सोसायटी उभी आहे तिथं तुळजाबाईंची भातखाचरं होती, आणि बांधावर निंबाखाली हा शेंदूर फासलेला देव. जमीन बिल्डरला दिली, बदल्यात वरच्या मजल्यावरचा हा गच्चीवाला फ्लॅट मिळाला. जेसीबी बांधाशी येऊन उभा राहिला त्या दिवशी तुळजाबाईंनी देव उचलला, ओटीत घातला आणि चालत्या झाल्या. शेताचा देव शेतातच राहू द्यावा, असं भावकीतल्या चारजणांनी तेव्हाच सुनावलं होतं. पण शेत होतं कुठं? सह्या झाल्या होत्या, त्यात तुळजाबाईंचा अंगठाही होता. तेव्हापासून देव गच्चीतल्या फरशीच्या कोनाड्यात बसला. बसला म्हणजे जरा हलायचाच. बूड वाकडं होतं, खाली कायम सुपारी सरकवून ठेवावी लागे.

चैत्रात तुळजाबाई म्हणाल्या, "उत्कर्षा, देवावर शेंदराची पुटं लई चढल्यात. माझी बोटं वळंनात. तू सोलून काढ नि नवा शेंदूर चढव. तुझा दगडावर हात हाय."

तिनं बसून सोललं. वर्षानुवर्षांचं तेल नि शेंदूर खरवडीसारखं सुटून आलं, आणि आतून जे निघालं ते बघून तिचा हात थांबला. दगड घेतला की ओला करून बघायचा, ही ह्या नादातल्या सगळ्यांची खोड. तिनं तो नळाखाली धरला. गर्द तांबडा जास्पर, त्यात मोहरीच्या रंगाचे भोवरे, आणि बुडाकडे अकीकाचा करडा पट्टा, आत रेघेवर रेघ. असा दगड तिच्या हाती कधी आला नव्हता. नदीकाठी वणवण केली होती, खाणीवाल्यांच्या मिनतवाऱ्या केल्या होत्या, आणि हा घरात, कोपऱ्यात, शेंदूर पांघरून बसला होता.

बुडाकडून एक पातळ चकती काढली तर कुणाला दिसणार आहे? देव असला तर एवढ्याशा गोष्टीवर चिडणार नाही, आणि नसला तर प्रश्नच मिटला. हिशोब अगदी चोख होता. मग पातं सुरू करण्याआधी गच्चीच्या दाराला कडी का लावली, हे मात्र तिनं स्वतःला विचारलं नाही.

नवा शेंदूर चढवून तिनं देव कोनाड्यात ठेवला. सपाट बुडावर तो असा ठाम बसला की सुपारीची गरजच उरली नाही. तुळजाबाईंनी हात लावून पाहिलं, परत लावून पाहिलं. "आजपतुर हलत हुता. तुझ्या हातनं शेंदूर चढला नि बसला बघ देव," त्या म्हणाल्या, आणि हे त्यांनी जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्याशी, जो भेटेल त्याला सांगितलं. सुनेच्या हाताला गुण आहे. उत्कर्षाला कौतुक ऐकताना कानकोंडं व्हायचं, पण ती तोंडात मिठाची गुळणी धरून बसली.

खडा मात्र असा झाला की बघत राहावं. चांदीत बसवून तिनं गळ्यात घातला. ऑफिसात शेफालीनं हातात धरून विचारलं, "कसला सुंदर आहे, कुठे मिळाला?" उत्कर्षा म्हणाली, "नदीत." घरी येताना कंपनीच्या बसमध्ये ती तो काढून पर्समध्ये टाकायची.

आणि मग तिचा नवरा इंद्रजीत गाडीवरून पडला. रस्त्याच्या कडेला कुणाच्या तरी बांधकामाची खडी पसरली होती, तिच्यावरून गाडी घसरली आणि नडगीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आणि तो पलंगावर पडून छताकडे बघत राहिला. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, वेळ लागेल. घाबरण्यासारखं काही नव्हतं. घाबरल्या त्या तुळजाबाई.

"माझ्यामुळं झालं ह्ये," त्यांनी हॉस्पिटलातच सांगून टाकलं. "देव जागचा हलवला म्या. अंगठाबी म्याच दिला. आता लेकराच्या पायावर आलं." आणि घरी येऊन त्यांनी म्हसोबापुढे हात जोडले: इंद्रजीत स्वतःच्या पायांनी चालत देवापुढे येईपर्यंत पायात काही घालणार नाही.

आता ज्या बाईला इतकी वर्षं साखर आहे तिनं अनवाणी चालायचं म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पाय बधिर झालेले असतात, लागलं तरी कळत नाही, आणि चिघळलं तर पाय काढायची वेळ येते. हे डॉक्टरांनी तुळजाबाईंना समोर बसवून सांगितलं होतं. इंद्रजीत पलंगावरून ओरडला, "आई, वेडी का खुळी तू? चपला घाल." तुळजाबाई नुसत्या हसल्या. वैशाखातली तापलेली फरशी, खालचं पार्किंग, देवळापर्यंतचा डांबरी रस्ता, सगळीकडे त्या अनवाणी.

उत्कर्षाचं मन तिला खात होतं. एका वाक्याचा तर प्रश्न होता. आई, देवाला हात तुम्ही नाही, मी लावला. एवढं म्हटलं की त्या बाईच्या पायात चपला. पण ते वाक्य ओठाशी यायचं आणि ती काहीतरी दुसरंच बोलायची. कधी म्हणायची, आई, निदान मोजे तरी. कधी म्हणायची, आई, हे सगळं मनाचे खेळ असतात, रस्त्यावर खडी होती म्हणून गाडी घसरली. हे खरंच होतं, म्हणून तर ते बोलायला सोपं होतं. रोज संध्याकाळी बसमधून उतरताना ती ठरवायची की आज सांगायचं, आणि दारात सासूबाईंनी "दमली असशील, च्या ठेवते," म्हटलं की कपबश्या मांडायला लागायची. आपण इतक्या भित्र्या आहोत हे तिला आजवर माहीत नव्हतं. तिला स्वतःची किळस आली.

एका रविवारी सकाळी ती गच्चीत मशीनपाशी बसली होती. कापायचं काही नव्हतं, नुसती बसली होती. तुळजाबाई तांब्या घेऊन देवाला पाणी घालायला आल्या, घालून परत वळल्या, आणि उत्कर्षाला फरशीवर दिसलं: देवापासून दारापर्यंत प्रत्येक पावलाला एक तांबडा ठिपका. आधी तिला वाटलं शेंदूरच लागला असेल.

"आई, थांबा. पाय दाखवा."

"काय झालं?"

तुळजाबाईंना काहीच कळलं नव्हतं. उत्कर्षानं त्यांना पायरीवर बसवलं, टाच मांडीवर घेतली. टाचेत एक कपची खोल रुतली होती, काचेसारखी धारदार. तिनं ती चिमट्यानं ओढून काढली, पाण्यात धुतली. करडी, अर्धपारदर्शक. अकीकाची. कापताना उडालेली, तिनं नीट न झाडलेली, तिच्याच कोपऱ्यातली. तुळजाबाई रक्ताकडे दुसऱ्या कुणाचं असावं तशा बघत होत्या, आणि कापसानं जखम दाबता दाबता उत्कर्षा रडायला लागली.

"आगं, दुखत न्हाई मला. रडतीस कशापायी?"

"आई, देव मी कापला."

मग सगळंच बाहेर आलं. शेंदूर सोलला तो, ओला करून पाहिला तो, कडी लावली ती. ती आत जाऊन पर्स घेऊन आली, खडा काढून सासूबाईंच्या तळहातावर ठेवला आणि पुन्हा खाली बसली. खालून कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत होता.

"कुटनं कापलास?"

"बुडाकडून. पातळशी चकती."

"तरीच हलत न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या. त्यांनी खडा डोळ्यांजवळ नेला, उन्हात धरला, अंगठ्यानं चोळला. "काम झ्याक केलंस हां. असं बटण न्हवतं केलं तू आजपतुर." उत्कर्षानं मान खाली घातली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग तुळजाबाईंचा आवाज एकदम बदलला. "म्हंजी माझ्यामुळं न्हाई," त्या म्हणाल्या. "म्या हलवला त्याचं न्हाई हे. अंगठ्याचंबी न्हाई." आणि त्यांनी पदर तोंडावर घेतला. इंद्रजीत ऑपरेशनला गेला तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या. आता मात्र खांदे हलत होते, आणि ते दुःखानं नव्हतं, हे उत्कर्षाला दिसत होतं. एवढं ओझं ह्या बाईनं इतके दिवस वाहिलं, आणि आपण बाजूला बसून मोज्यांच्या गोष्टी करत होतो.

"आई, पण अपघाताचा आणि दगडाचा काही संबंध नाही हो," ती म्हणाली. सवयीनं म्हणाली. "खडीवरून गाडी घसरली."

तुळजाबाईंनी पदर खाली केला. "मग सांगितलंस कशापायी?"

उत्कर्षानं जखमेवरचा कापूस आणखी घट्ट दाबला.

"जा, माझ्या चपला आण."

तिनं पळत जाऊन आणल्या. जखमेवर पट्टी बांधली, चपला स्वतःच्या हातानं सासूबाईंच्या पायात घातल्या, आणि कितीतरी दिवसांनी तिची छाती मोकळी झाली. झालं, संपलं, असं तिला वाटलं. तुळजाबाई कोनाड्यापर्यंत गेल्या, खडा म्हसोबाच्या पायाशी ठेवला आणि तिथंच वळून उभ्या राहिल्या.

"देवाला बोललेलं हाय, की इंद्रा चालंस्तोवर मी अनवाणी ऱ्हाईन. पाप माझं न्हवतं, तर म्या चपला घातल्या. पर देवाला बोललेलं असंच सोडून चालत न्हाई, ज्याचं त्यानं फेडायचं." आवाजात राग नव्हता. विजेचं बिल कुणाच्या नावावर करायचं हे सांगावं तसं त्या सांगत होत्या. "तू मानत न्हाईस, ठावं हाय मला. बघ बाई तुझं तू."

मानत नव्हतीच ती. ऑफिस होतं, कंपनीची बस होती, शेफालीच्या शंभर चौकशा होत्या. हे सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं, आणि तरी ती खाली वाकली. सँडलचे पट्टे सोडले, सँडल भिंतीशी जोडीनं लावून ठेवल्या. ऊन अजून चढायचं होतं, पण फरशी आत्ताच पोळत होती. ती मशीनच्या कोपऱ्याकडे निघाली तशी तुळजाबाईंनी हाक मारली.

"थांब तिथंच. आधी झाडू दे म्हणते मी, न्हाईतर तुझ्याबी पायात जाईल."

आणि केरसुणी घेऊन त्या स्वतःच त्या कोपऱ्यात वाकल्या.