हरकतीची मुदत

करुणानं पेढ्यांचा पुडा पुढं केला, तशी कडूबाईनं तो बाजूला सारून टेबलावर प्लास्टिकची बाटली ठेवली.

"पेढा ऱ्हाऊ द्या ताई. ह्या औषधाचं नाव सांगा. मालकाचे डोळे पिवळे पडलेत. चार दिस झाले, अन्नाला शिवले नाय. पाचोडचे डॉक्टर म्हन्ले, काय खाता त्येचं नाव आना, मंगच हात लावतो."

बाटलीवर नाव नव्हतंच. कंपनीची दोन अक्षरं आणि चार आकडे, बस्स. संभाजीनगरातल्या या खाजगी दवाखान्यात गुडघेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी वर्षभर चालू होती आणि तिचे कागद करुणा सांभाळत होती. पेढे त्या गोळीचेच होते. सकाळी मेल आला होता, गोळीला नाव मिळालं. चाचणी चालवणारे डॉक्टरसाहेब इतके खूश, जसं काही घरात बारसंच आहे.

"आजच कळलंय नाव," करुणा म्हणाली आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. झोल्मेरिफान.

कडूबाईनं कागद उलटसुलट केला. वाचता येत नव्हतं तिला, पण कागदाचं वजन कळत होतं. तलाठ्याच्या पायऱ्या झिजवून झाल्या होत्या.

"कोन ठेवतं हे नाव?"

"परदेशात जागतिक आरोग्य संघटना आहे, ती. कंपनी विकताना काहीही म्हणो, हे नाव साऱ्या जगात एकच. शेवटच्या अक्षरांवरून औषधाचं कूळ कळतं. आधी यादीत छापतात, मग हरकतीला चार महिने देतात."

बोलून गेल्यावर करुणाला वाटलं, हे हिला कशाला सांगितलं.

"हरकत?" कडूबाई सावरून बसली. "मंग माझी हरकत लिव्हा."

"मावशी, तसं नसतं."

"कसं नसतं? आमच्या सातबाऱ्यावर दिराचं नाव लावाया निघाले व्हते. म्या हरकत घेतली, नोंद तितंच थांबली. नाव थांबलं की समदं थांबतं. आना, कुठं अंगठा देऊ?"

करुणाला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"ही हरकत नुसती नावावर असते. दुसऱ्या औषधाच्या नावाशी घोटाळा होतो का, असलंच बघतात. औषध थांबत नाही."

"मंग औषधावर हरकत घ्यायचा कागद कोनता?"

तो कागद होता. करुणाच्याच खणात होता. चाचणीत कुणाच्या जिवावर बेतलं, तर चोवीस तासांत भरून पाठवायचा. कडूबाईच्या नवऱ्याचा, पुंजारामचा, रक्ताचा रिपोर्ट मागच्या महिन्यात बिघडला तेव्हा तिनं डॉक्टरसाहेबांना विचारलंही होतं. "जरा वर-खाली होतंच, पुढच्या वेळी बघू," ते म्हणाले आणि तिनं निमूट ऐकलं. नोकरीची भीती, दुसरं काय. आता तिला स्वतःचीच लाज वाटली.

"गोळी आजपासून बंद. घरी फोन करा, जीप करून त्यांना आत्ताच घाटीच्या सरकारी दवाखान्यात आणायला सांगा," ती म्हणाली आणि कागद काढून भरू लागली. औषधाच्या रकान्यात नवंकोरं नाव लिहिलं.

फोन करून कडूबाई परत येऊन बसली.

"ह्यांचं नाव कुठं लिव्हलं?"

"रुग्णाचं नाव लिहीत नाहीत मावशी. नंबर असतो. त्यांचा सतरा."

"म्हंजी आधी सोळा हायेत. ते बरे हायेत ना?"

करुणानं रजिस्टर ओढलं. अकरा नंबर दोन तपासण्यांना आलाच नव्हता. पुढं तिच्याच अक्षरात होतं, संपर्क झाला नाही. खरं तर फोन तिनं एकदाच लावला होता आणि दोन रिंगांत ठेवून दिला होता.

रजिस्टरातला तो फोन नंबर तिनं पुन्हा लावला. बराच वेळ वाजला. मग एका बाईनं उचलला.

"हॅलो, ह्यो फोन आमच्या मालकाचा व्हता. कोन पाह्यजे तुमाला?"

कोण पाहिजे ते करुणाला सांगता येईना. रजिस्टरात नुसते नंबर होते, नावांची यादी डॉक्टरसाहेबांच्या कपाटात कुलपात होती.